पावणेसतरा अंशांवरचा ध्रुवतारा

इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या मागं दुर्बीण फिरवणारा स्टँड, घरी आला की पहिले आठ दिवस सगळ्यांचं सेमच असतं, चंद्र बघून होतो, गुरू बघून होतो, शेजारच्या पोरांना दाखवून होतं आणि मग कुणीतरी जाणकार विचारतो पोलर अलाइन केलंस काय, म्हणजे माउंटचा अक्ष आकाश ज्याच्याभोवती फिरतं त्या ध्रुवाकडं रोखलास काय, आणि आपण म्हणतो व्हय की, उत्तरेला तोंड केलंय. मी पण तीन महिने असंच म्हणत होतो.

शिकलो सगळं व्हिडिओ बघून, आणि ते व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले. तिथं ध्रुव ४०-५० अंश वर, क्षितिजाच्या धुरळ्यातून सुटलेला. आपलं कोल्हापूर १६.७ अक्षांशावर म्हणजे ध्रुव क्षितिजापासून फक्त पावणेसतरा अंश, हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, तर दीड-पावणेदोन मुठी झाल्या. समोरच्याची पाण्याची टाकी, नारळाचं झाड, काहीही मधे येतं. एक फायदा मात्र आहे, त्या लोकांना माउंटखाली घुसून वर मान करून बघायला लागतं, आपण गुडघ्यावर बसून जवळपास समोर बघतो.

माझी पहिली खरी रात्र मसाई पठारावर, जानेवारी, वारा असा की चहा कपात ओतेपर्यंत गार. शहराचा उजेड मागं आग्नेयेला राहतो, उत्तर चांगली काळी, ध्रुवतारा नुसत्या डोळ्याला मस्त दिसतोय आणि पोलर स्कोपात (ध्रुवावर नेम धरायची माउंटमधली छोटी दुर्बीण) बघतोय तर ठार अंधार. टोपण काढलंय, फोकस फिरवून झाला, लेन्स टी-शर्टनं पुसली (पुसू नका), पाऊण तास गेला. शेवटी आमच्यातले एक रिटायर्ड सर चहाचा कप घेऊन आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे डेक फिरवलास का? आतला दांडा आडवा आलाय." पोलर स्कोप आरएच्या (ध्रुवाकडं रोखायचा अक्ष) पोकळ दांड्यात बसतो आणि त्याच्या समोरून डेकचा (त्याला काटकोनातला दुसरा अक्ष) दांडा जातो, त्या दांड्याला आरपार भोक असतं आणि डेक नव्वद अंश फिरवला की ते भोक समोर येतं. क्लच सैल केला, फिरवला, खट्टकन उजेड! सगळ्या माउंटना असं नसतं पण अंधार दिसला की स्कोपला शिव्या घालायच्या आधी हे बघा.

वजनाचं पण एक लफडं आहे. आरए अक्ष आपल्याकडे जवळपास आडवा, त्यामुळं दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा खाली लोंबतो तो नेमका उत्तरेकडच्या पायाच्या अंगावर, आणि ट्रॅकिंग चालू असताना वजन पायाला थडकलं की मोटर नुसती कण्हते. ट्रायपॉड असा फिरवा की उत्तर दोन पायांच्या मधे येईल, म्हणजे अर्थात माउंटची खुंटी तसं बसू देत असेल तर, नाहीतर वजन दांड्यावर वर-खाली सरकवून बघा. आणि अल्टिट्यूडचा, म्हणजे अक्ष वर-खाली करायचा बोल्ट! दुर्बीण, वजनं सगळं वर चढवून मी तो जोर लावून पिळत बसलो आणि बोल्ट वाकला. तो घेऊन उद्यमनगरात गेलो, लेथवाल्या मामांनी हातात फिरवून विचारलं, "हे कशाचं हाय, तोफेचं?" दुर्बिणीचं म्हटल्यावर एसएसचा करून दिला, वर चहा पाजला आणि शनी दाखवायचं कबूल करून घेतलं. तेव्हापासून अंदाजे अंश रिकाम्या माउंटवर लावतो, एका हातानं माउंटचं डोकं उचलून धरायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा.

पोलर स्कोपातली जाळी (नेम धरायचा क्रॉस असतो ती) अक्षाच्या मधोमध आहे का हे दिवसा तपासा, रात्री हे करायला गेलात तर रडाल. रिकामा माउंट गच्चीवर ठेवून मी जोतिबाच्या दिशेच्या एका मोबाईल टॉवरचं टोक क्रॉसवर आणलं आणि आरए अर्धा फेरा फिरवला, तर टोक क्रॉस सोडून भलतीकडंच. जेवढं सरकलं त्यातलं अर्धं जाळीच्या तीन बारक्या स्क्रूंनी परत आणायचं, उरलेलं अर्धं माउंटच्या बोल्टांनी, मग परत अर्धा फेरा, परत तेच. स्क्रू एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही, आणि दोन एकदम सैल केले तर जाळी आत गळून पडते. माझी पडली होती.

आता मूळ काम. ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे, सध्या खऱ्या ध्रुवापासून तो अडतीस-एक कला (साठ कलांचा एक अंश) लांब आहे आणि दिवसातून एकदा त्याच्याभोवती चक्कर मारतो. पृथ्वीचा अक्ष २६,००० वर्षांच्या घिरट्या घेतो त्यामुळं हे अंतर बदलत असतं, २१०० च्या आसपास ते २७ कलांपर्यंत कमी होऊन परत वाढायला लागेल. म्हणून जाळीवर क्रॉसभोवती वर्तुळ असतं, मोबाईलवरच्या पोलर अलाइनच्या अॅपमध्ये आपलं ठिकाण आणि वेळ बरोबर आहे ना ते बघायचं आणि ते सांगेल त्या जागी, घड्याळाच्या काट्यासारखं, तारा वर्तुळावर बसवायचा. बसवायचा तो फक्त अल्टिट्यूड आणि अझिमथच्या (डावीकडं-उजवीकडं वळवायच्या) बोल्टांनी, आरए-डेकला हात नाही. अझिमथचे दोन स्क्रू समोरासमोर असतात, एक सोडा मग दुसरा आवळा. पोलर स्कोपात चित्र उलटं दिसतं, अॅपमध्ये त्याची सेटिंग असते, ती चुकली तर तारा बरोबर समोरच्या बाजूला बसतो आणि आपण खुशीत.

बरोबर तोच तारा आहे का ही शंका मे महिन्यात येते, तेव्हा संध्याकाळी कोचाब नावाचा तारा त्याच्या वर असतो, तेज जवळपास सारखंच. थंडीत ही भानगड नाही, शर्मिष्ठा तारकासमूह मदतीला असतो. पण थंडीत दुसरंच, साखरेचा हंगाम. फडातलं पाचट पेटवतात, गुऱ्हाळांचा धूर असतो, आणि पावणेसतरा अंशांवर आपण डोक्यावरच्या मानानं साडेतीन पट हवेतून बघत असतो, त्यामुळं दोन नंबरच्या प्रतीचा तारा कधीकधी गायबच. मी मग आठनंतर वारा सुटायची वाट बघतो. याच जाड हवेमुळं तारा खऱ्या जागेपेक्षा तीन-एक कला वर पण दिसतो, पण नवख्यानं त्याच्यात डोकं घालू नये.

कितपत अचूक पाहिजे? तारा नुसता मधल्या क्रॉसवर ठेवलात तर जास्तीत जास्त मिनिटाला दहा विकला (साठ विकलांची एक कला) घसरण, म्हणजे गुरू चार-पाच मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकणार, नुसतं बघायला चालतंय की. फोटो काढायचे असतील तर वर्तुळावर नीट बसवा, पाच कलांची चूक राहिली तरी घसरण मिनिटाला सव्वा विकलाच्या आसपास येते. आणि दुर्बीण चढवल्यावर, बोल्ट आवळल्यावर परत एकदा बघा, नेहमी थोडं हललेलं असतंच.

गच्चीवर मी तिन्ही पायांच्या जागी ऑइलपेंटचे ठिपके मारून ठेवलेत, त्यामुळं आता पाच मिनिटांत होतं. फक्त मार्चमध्ये आईचे पापड वाळत असतात तिथं, तेव्हा मुक्काम परत मसाई पठारावर.