हॉट टबचा फिल्टर घरच्या वस्तूंनी धुताय? मग या चुका टाळा

‘व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला होता हो, तरी पाणी गढूळच.’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच विचारून टाकतो: त्याआधी तेल काढलं होतंत का? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, ‘कसलं तेल?’

तर सुरुवात या तेलापासूनच. फिल्टरचं कापड पॉलिएस्टरचं असतं आणि त्याच्या घड्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जातींची घाण अडकते. एक तेलकट, म्हणजे अंगाचं तेल, सनस्क्रीन, लोशन, केसांचं कंडिशनर. दुसरी क्षारांची. जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट घड्यांच्या कडांवर पांढरं, खरखरीत होऊन बसतं. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. ते क्षार विरघळवतं, पण तेलाच्या वाटेला जात नाही. उलट तेलकट फिल्टर थेट ॲसिडमध्ये बुडवला तर कापड कायमचं तुंबू शकतं. हे माझं मत नाही, फिल्टर बनवणारेच सूचनांच्या कागदावर छापतात. तो कागद खोक्यासोबत फेकून द्यायची पद्धत आहे, त्याला काय करणार!

ओळखीतल्या एका गृहस्थांच्या टबचा हीटर सारखा बंद पडायचा. पॅनेलवर पाण्याचा प्रवाह कमी असल्याचा इशारा. त्यांनी आधी सेन्सर बदलून घेतला, मग पंप खोलून पाहिला. फिल्टरचं विचारलं तर म्हणाले, ‘तो कशाला बघायचा? दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये असतो.’ दिसायला खरंच पांढराशुभ्र होता. मी तो काढून ठेवला आणि टब दोन-चार मिनिटं तसाच चालवून पाहिला. इशारा गायब, हीटर सुरू. मग फिल्टर पूर्ण वाळू दिला आणि घड्यांवर पाणी शिंपडलं. कापडात मुरायच्या ऐवजी थेंब वरच गोल होऊन बसले. आत सगळं तेल! धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दोनदा भिजवल्यावर बादलीतलं पाणी करडं झालं, वर तवंग आला, प्रवाह थोडा सुधारला. पण पूर्ववत झाला नाही तो नाहीच. शेवटी नवा फिल्टर. बिचारा सेन्सर ठणठणीत होता, पंपही.

म्हणून क्रम असा: आधी नळीच्या पाण्याने सुटी घाण काढायची, मग तेल, मग स्वच्छ पाणी, आणि सगळ्यात शेवटी क्षार. तेलासाठी मी भांडी धुण्याच्या यंत्रात घालतात ती साधी पावडर वापरतो, २० लिटर कोमट पाण्याला साधारण एक कप. ती अल्कधर्मी असते आणि फेस कमी करते, म्हणून. पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग फिल्टर घाला आणि रात्रभर विसरून जा. तासाभरात काढून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे. सकाळी वरून खाली, नळी तिरकी धरून, घडी न् घडी धुवायची. त्यानंतर घड्यांवर पांढरं दिसत असेल तरच व्हिनेगर, तेही एक भाग व्हिनेगरला तीन-चार भाग पाणी. बुडबुडे यायचे थांबले की क्षारांचं काम झालं. पांढरं काहीच नसेल तर व्हिनेगरची बाटली उघडूसुद्धा नका.

आता दुसरी लाडकी चूक. पावडर नाही मिळाली म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड. तेल ते काढतं, नाही म्हणत नाही. पण फेस करणं हाच त्याचा धर्म आणि घड्यांमधून ते पूर्ण निघणं महाकठीण. फिल्टर परत बसवायचा, जेट सुरू करायचे, आणि बघता बघता फेस टबाबाहेर. मग फेस मारायचं औषध आणायचं, ते पुन्हा फिल्टरमध्येच जाऊन बसतं. बहुतेकदा शेवटी सगळं पाणी उपसावं लागतं. कपड्यांचा साबण आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांचीही गत तीच.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस बघण्यात धन्यता मानणारेही आहेत. ॲसिड आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरतं किंचित खारट पाणी. फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सफाई नव्हे.

ब्लीचबद्दल मात्र थट्टा नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. एकाच बादलीत नाहीच, पण एकानंतर लगेच दुसरंही नको. मध्ये फिल्टर आणि बादली दोन्ही भरपूर पाण्याने धुवा. भांड्यांच्या काही पावडरींमध्येही ब्लीच असतं, तेव्हा डब्यावरची यादी वाचा. टबातून नुकत्याच काढलेल्या फिल्टरमध्ये क्लोरीन असतंच, म्हणून व्हिनेगरआधीचं धुणं टाळू नका आणि हे काम उघड्या हवेत करा. संडास साफ करायचं ॲसिड तर या कामासाठी घरात आहे हेच विसरा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. प्रेशर वॉशर नको, धागे फाटतात आणि बारीक घाण सरळ आरपार जाते. तारेचा ब्रश नको. फिल्टर भांड्यांच्या किंवा कपड्यांच्या यंत्रात टाकायचा नाही. उष्णतेने आणि आपटण्याने टोकाच्या टोप्या आणि घड्या वाकतात. फिल्टर बाहेर असताना टब चालवायचा नाही. वर सांगितलेली दोन-चार मिनिटांची चाचणी आणि अडकलेली हवा काढणं (ते शेवटी सांगतो), एवढेच अपवाद. आणि हो, फिल्टर काढण्याआधी वीज बंद. एकच फिल्टर असल्यामुळे लोक घाई करतात, त्यामुळे दुसरा आणून ठेवा आणि आलटून पालटून वापरा. मी आठवड्याला नुसतं पाणी मारतो, महिन्याला भिजवतो. धागे पिंजल्यासारखे दिसू लागले, घड्या एकमेकींना चिकटल्या किंवा टोपीला तडा गेला, की धुणं बंद, नवा आणायचा. वापर बेताचा असेल तर फिल्टर साधारण एक ते दोन वर्षं जातो.

धुतलेला फिल्टर बसवल्यावर पंपाचा आवाज येतो पण पाणी हलत नाही, आणि लोक घाबरून फोन करतात. बहुधा हवा अडकलेली असते. कोरडा फिल्टर झटकन आत ढकलू नका. पाण्यात तिरका धरून, हळूहळू फिरवत बुडवा, घड्यांमधले बुडबुडे थांबेपर्यंत थांबा आणि मगच जागेवर बसवून वीज सुरू करा. तरीही पाणी हललं नाही, तर पंप कोरडा फिरत ठेवू नका. बंद करा, फिल्टर काढा, थोडा वेळ तसंच चालवून हवा निघते का पाहा आणि मग परत बसवा.