लपणाच्या खिडक्यांसाठी कापडी पडदे: शिवायला बसण्याआधीची आणि नंतरची तयारी

पक्ष्या-प्राण्यांच्या छायाचित्रणासाठी उभारलेल्या लपणात खिडकीच्या पडद्याने दोन कामे चोख करायला हवीत: आतला अंधार राखणे आणि आवाज न करणे. कापडावर पानाफांद्यांची नक्षी आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. नक्षीचे महागडे कापड आणून ते मागून उजेड येणाऱ्या खिडकीवर लावले, तर आत बसलेल्याची काळी आकृती पडद्यावर उमटते आणि नक्षी वाया जाते.

म्हणून पहिले काम शिवणाचे नाही, खिडक्या मोजण्याचे आहे. प्रत्येक खिडकी वेगळी मोजा. हाताने बांधलेल्या लपणात चारही सारख्या क्वचितच निघतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या राहणार नाहीत, हे आत्ताच ठरवा आणि मागच्या बाजूच्या पडद्याला अस्तर लावा. मग नेहमीच्या बैठकीवर बसून, कॅमेरा तिपाईवर लावून, लेन्सचा मध्य भिंतीवर नेमका कुठे येतो त्याची खडूने खूण करा. ही खूण नसेल तर बाही, म्हणजे लेन्स बाहेर काढायची पडद्यातली कापडी नळी, चुकीच्या उंचीवर शिवली जाते आणि तासन्‌तास मान वाकवून बसावे लागते.

कापड निवडताना ते कानाशी धरून चुरगाळा. नायलॉन आणि मेणाचा हात दिलेले कापड खसखसते, ते नको. फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड) सर्वांत शांत. त्याचे धागेही सुटत नाहीत, पण पातळ फ्लीसमधून उजेड गळतो, म्हणून दुहेरी घ्यावे लागते. सुती कॅनव्हास अंधार छान राखतो, मात्र ओला झाला की जड होतो, आणि पहिल्या धुण्यात आटतो. तो कापण्याआधी धुवून वाळवाच. धुताना कपडे शुभ्र दाखवणारी पावडर वापरू नका. तिच्यातली रसायने अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात, आणि बहुतेक पक्ष्यांना तर अतिनीलही दिसतो. नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधारात कापडावर धरा. निळे चमकले तर ते कापड बाजूला ठेवा. शिवायच्या दोऱ्यालाही हीच परीक्षा. बाहेरची बाजू कशीही असो, आतली काळी आणि बिनचमकीची हवी.

आता मापे. खिडकी 40 सेंमी रुंद आणि 30 सेंमी उंच धरू. चारही बाजूंनी 8 सेंमी पडदा भिंतीवर यायला हवा, म्हणजे तयार पडदा 56 बाय 46. दोन्ही उभ्या काठांना दुहेरी दुमडीसाठी साडेतीन-साडेतीन सेंमी, वर नेफ्यासाठी 5 आणि खाली वजनाच्या दुमडीसाठी 5 मिळवले की कापायचे माप 63 बाय 56 होते. बाहीसाठी हूडचा (लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्याचा) व्यास मोजा आणि त्यात 4 सेंमी वाढवा. हूड 16 सेंमीचे असेल तर बाही 20 सेंमी व्यासाची, घेर 63, शिवणीसह कापड 66 सेंमी रुंद आणि 30 सेंमी लांब. पडद्यातले भोक मात्र 17 सेंमीचेच कापा, कारण दोन्हीकडे दीड सेंमी शिवणीत जाते. भोकाच्या कडेला दर 2 सेंमीवर 1 सेंमी खोल कातरा द्या, नाहीतर गोलाईवर चुण्या पडतात. बाहीचा मध्य खिडकीच्या खालच्या काठापासून 11 सेंमीवर ठेवा (खडूची खूण वेगळे सांगत असेल तर खुणेचे ऐका) आणि 22 ते 28 सेंमीच्या पट्ट्यात पाहण्यासाठी काळी जाळी बसवा. पांढरी किंवा फिकट जाळी स्वतःच उजळते आणि पलीकडचे काही दिसू देत नाही.

कॅनव्हासला 100 नंबरची सुई, फ्लीसला 90. टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजून शिवण उसवते. बाही आधी कच्च्या टाक्याने जोडा, लेन्स घालून वळवून पाहा, मगच मशिनची टीप घाला. बाहीच्या तोंडाशी नाडी घाला, इलॅस्टिक नको: इलॅस्टिक हूडला घट्ट धरते आणि लेन्स जरा वळवली तरी सगळा पडदा हलतो.

वेल्क्रो सोयीचे वाटते, पण उघडताना त्याचा जो फर्रकन आवाज होतो त्याने पाणवठा रिकामा होतो. नेफ्यातून प्लास्टिकचे आवरण असलेली तार ओढून ताणून बसवा. साधी दोरी मध्यभागी झुकते आणि वरून फट पडते. कडांना लोहचुंबक चालतात, फक्त ते कापडाच्या दोन थरांत शिवून टाका म्हणजे टकटक होणार नाही, आणि चौकट ॲल्युमिनियमची असेल तर समोर लोखंडी पट्टी लावा. खालच्या दुमडीत बारीक साखळी घालायची असेल तर आधी ती कापडी नळीत शिवा. दोन्ही खालचे कोपरे बांधायला नाड्या द्याच. वाऱ्याने फडफडणारा पडदा उघड्या खिडकीपेक्षा वाईट.

पडदे लागले की तपासणी पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या उजेडात करा. एकाने आत बसून हात हलवावा, दुसऱ्याने वीस पावलांवरून प्रत्येक बाजूने पाहावे आणि फोटो काढावा. चेहरा किंवा हात दिसला तर जाळीला दुसरा थर द्या. सूर्य थेट जाळीवर येत असेल तर वर 15 सेंमीची झालर लावा. नाडी ओवायचे पितळी डोळे (भोकांच्या कड्या) चमकत असतील तर त्यांना मंद काळा रंग द्या.

लपण वापरात येण्याच्या काही दिवस आधी पडदे लावून ठेवा आणि बाहीत लेन्सच्या जाडीची काळी बाटली अडकवा. रिकाम्या बाहीला सरावलेले पक्षी अचानक आलेल्या लेन्सच्या तोंडाला बिचकतात; बाटलीच्या जागी लेन्स आली की त्यांना फारसा फरक पडत नाही. अदलाबदल त्यांच्या नजरेसमोर मात्र करू नका. घरट्याजवळ यातले काहीच करायचे नाही.

मोसम संपल्यावर पडदे पूर्ण वाळवूनच घडी घाला. डांबरगोळ्या ठेवू नका, तो वास कापडातून महिनोन्‌महिने जात नाही.