लाल पेन बाजूला ठेवून

ऑक्टोबर लागला की बारावीची मुलं निबंध घेऊन माझ्याकडे यायला लागतात. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. येणारी मुलं अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणारी असतात. बऱ्याच कॉलेजांसाठी एकच अर्ज भरायची ऑनलाइन सोय आहे, तिला कॉमन अ‍ॅप म्हणतात. कॉमन अ‍ॅपवरचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. सात विषय असतात, त्यातला एक घ्यायचा. सातवा म्हणजे तुम्हाला हवं ते लिहा. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची १ जानेवारीच्या आसपास. सहामाही, दिवाळी आणि निबंध, सगळं एकदम अंगावर येतं. अशा घाईत मोठ्या माणसाचा हात आपोआप पेनाकडे जातो. तुम्ही शिक्षक असा, मावशी-काका असा, तो हात आवरायचा कसा तेवढंच सांगते.

मला हे उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाचा शेवटचा परिच्छेद मी लिहून दिला होता. चांगला झाला होता. पुढे ऑनलाइन मुलाखतीत त्याला नेमकं त्यावरच विचारलं. घरी येऊन म्हणाला, "मॅडम, ते मला नीट सांगताच आलं नाही." तो माझ्यावर चिडला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं.

तर पहिल्या वाचनाला हातात काही घेऊच नका. निबंध मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. जीभ अडखळते ती जागा तो स्वतःच पकडतो, आणि तिथे बहुधा कोशातून उचललेला एखादा जड शब्द निघतो. वाचून झालं की तुम्हाला काय कळलं ते सांगा, कसं वाटलं ते नंतर. "यातून मला समजलं की तुला नेतृत्व आवडतं." मूल म्हणतं, "नाही, तसं नाही म्हणायचं मला." मग कसं? आता ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर टिपा आणि कागद त्याच्या हातात द्या.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. निबंध स्वच्छता मोहिमेवर होता, पहिलं वाक्य "आय हॅव ऑल्वेज बीन पॅशनेट अबाउट..." मी तिला विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? म्हणाली, "काल? पत्रिकांची प्रुफं बघत होते." वडिलांची छोटी प्रेस आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरून लग्नपत्रिकांची कामं आधीच येतात, आणि शुद्धलेखन ही बघते. एका पत्रिकेत वधूचं नाव 'प्रिती' होतं. हिने दुसरी वेलांटी करून 'प्रीती' केलं. गिऱ्हाईक म्हणे आमच्या कागदोपत्री पहिलीच आहे, तशीच ठेवा. ही हटून बसली. शेवटी वडील म्हणाले, "नाव त्यांचं आहे. आपण विचारायचं, बदलायचं नाही."

पंधरा मिनिटं ती हे सांगत होती, हातवारे करून. मी एवढंच विचारलं, "यातलं निबंधात काय आहे?" काहीच नव्हतं.

पुढची अडचण मोठी होती. ऱ्हस्व-दीर्घ हा प्रकार इंग्रजी वाचणाऱ्याला सांगायचा कसा? माझ्याकडे वाक्य तयार होतं, अगदी ओठावर आलं होतं. मी चहा ठेवायला आत गेले. दोन दिवसांनी तिने लिहून आणलं: एक काठी अक्षराच्या आधी उभी राहते, दुसरी नंतर, आणि कानाला फरक पापणी लवण्याइतका. माझं वाक्य याच्या जवळपासही नव्हतं.

गूगल डॉक्सवर काम असेल तर 'एडिटर' म्हणून जाऊ नका, 'कमेंटर' म्हणूनच परवानगी मागा. मग इच्छा झाली तरी थेट खोडता येत नाही, फार तर सुचवता येतं. कमेंटमध्ये प्रश्न टाका: तेव्हा खोलीत कोण कोण होतं? हे तुला तेव्हा वाटलं की आत्ता लिहिताना? हे वाक्य काढलं तर काय जाईल? व्याकरण अगदी शेवटी. तेही दुरुस्त करून देऊ नका. "या परिच्छेदात तीन ठिकाणी काळ चुकलाय, शोध" असं सांगितलं की मुलं शोधतात.

काही गोष्टी मात्र सरळ सांगून टाकाव्यात, कारण त्या मुलाला ठाऊक असायचं कारण नाही. तिकडे 'ट्यूशन' म्हणजे कॉलेजची फी. 'अवर सोसायटी' वाचून बिल्डिंग डोळ्यांपुढे येत नाही, समाज येतो. मग शब्द बदलायचा की समजावून ठेवायचा, ते मूल ठरवेल.

शब्द कमी करताना मोठ्यांची कात्री फार जोरात चालते. ८०० शब्द झाले असतील तर कोणत्याही परिस्थितीत न काढायच्या तीन वाक्यांखाली मुलालाच रेघ मारायला सांगा. उरलेल्यातून तोच काढतो.

वडिलांना ऑलिम्पियाडचं पदक निबंधात हवंच असतं. त्यांना शांतपणे सांगा की अर्जात दहा उपक्रमांची आणि पाच सन्मानांची वेगळी जागा आहे, पदक तिथे जाईल. हेही सांगा की हे सगळं माझं स्वतःचं आहे असं अर्ज भरताना मुलालाच लिहून द्यावं लागतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं.

तीन फेऱ्या झाल्या की थांबा. चौथ्या फेरीत निबंध तुमच्यासारखा बोलायला लागतो. शंका असेल तर पहिला खर्डा काढून शेजारी ठेवा आणि दोन्ही वाचा. मूल फोनवर बोलतं तो आवाज दुसऱ्यातही ऐकू आला पाहिजे.

प्रेसवाल्या मुलीचा निबंध ६४१ शब्दांचा झाला. वडिलांच्या वाक्यावर तो संपला असता, मी तिथेच संपवला असता. तिने पुढे पावतीची नोंद घातली: पत्रिका ३००, नाव प्रिती, पहिली वेलांटी, गिऱ्हाइकाला विचारून. मी फक्त विचारलं, "हे राहू द्यायचं?" ती म्हणाली, "हो."