बोली लावण्याआधी विक्रेत्याची पत कशी वाचावी

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर जुन्या नाण्यासाठी किंवा टपाल तिकिटासाठी बोली लावणाऱ्या संग्राहकाला वस्तू हाताळून पाहता येत नाही, त्यामुळे दोन-चार छायाचित्रे आणि विक्रेत्याच्या नावापुढचा एक आकडा एवढ्याच आधारावर त्याला पैसे मोजावे लागतात. पिअर ओमिड्यार यांनी हे संकेतस्थळ सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेत्यांनी एकमेकांविषयी उघडपणे अभिप्राय लिहावा अशी सोय केली. चांगल्या अभिप्रायाला अधिक एक, वाईटाला उणे एक आणि मध्यम अभिप्रायाला शून्य, असा तो साधा हिशेब आहे. साधा असल्यामुळेच तो वाचताना फसगत होते.

पहिली फसगत टक्केवारीची. विक्रेत्याच्या पानावर दिसणारी टक्केवारी मागच्या बारा महिन्यांची असते आणि तीत मध्यम अभिप्राय धरलेच जात नाहीत. प्रत्यक्षात नाराज पण भिडस्त गिऱ्हाईक नेमके मध्यम अभिप्रायावर थांबते, म्हणून वाचायला सुरुवात तिथूनच करावी. त्यानंतर वाईट अभिप्राय वाचावेत, आणि वाचताना तक्रार कशाची आहे ते वेगळे काढावे. पार्सल उशिरा आले ही तक्रार दहादा आली तरी ती टपालखात्याची असू शकते. नाणे चित्रातल्यापेक्षा वेगळे निघाले किंवा घासून चकचकीत केलेले निघाले, ही तक्रार दोनदा आली तरी पुरे. आकडाही नीट मोजावा. हजार अभिप्रायांत ९९ टक्के मिळवणाऱ्याकडे दहा नाराज गिऱ्हाइके आहेत, तर बारा अभिप्रायांत १०० टक्के मिळवणाऱ्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळलेले नाही. संशोधकांनी १९९९ सालचे व्यवहार तपासले तेव्हा जेमतेम निम्म्या खरेदीदारांनी अभिप्राय दिला होता आणि दिलेल्यांपैकी वाईट अभिप्राय एक टक्क्याहूनही कमी होते. ही भिडस्त वृत्ती लक्षात घेतली, तर ९७ टक्के हा शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभणारा आकडा इथे काळजीचा ठरतो.

दुसरी फसगत एकत्रित आकड्याची. विक्रेता म्हणून मिळालेले आणि खरेदीदार म्हणून मिळालेले अभिप्राय वेगळे पाहता येतात, ते तसेच पाहावेत. कुणी तीनशे स्वस्त वस्तू विकत घेऊन तीनशे चांगले अभिप्राय गोळा केले असतील, तर त्याने वेळेवर पैसे दिले एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याने वर्षभर मोबाइलची कव्हरे विकली आणि आज अचानक सोन्याचे नाणे लिलावात ठेवले, त्याची कव्हरांतली पत नाण्याला लागू होत नाही. विकलेल्या वस्तूंचा प्रकार आणि किंमत आपल्या वस्तूशी जुळते का, हे पाहण्यात गेलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खरेदीदाराला जे ओळखता येते तेवढेच अभिप्रायात उतरते. पार्सल लवकर आले, बांधणी चांगली होती, विक्रेता नम्रपणे बोलला, हे कुणालाही कळते. नाणे अस्सल आहे की ओतीव नक्कल, हे बहुतेकांना कळत नाही, आणि ज्याला कळले नाही तो खुशीने चांगला अभिप्राय देऊन मोकळा होतो. शिवराई होनासारख्या दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत, जिथे नकलांची भीती सदैव असते, विक्रेत्याचे शंभर टक्के हे केवळ समाधानाचे मोजमाप समजावे. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत, ती जाणकाराला दाखवावीत आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर बोली लावू नये. (परदेशातल्या मराठी संग्राहकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही, आणि विक्रेत्याची पत कितीही मोठी असली तरी त्याने हा नियम बदलत नाही.)

नव्या विक्रेत्याला मात्र सरसकट टाळू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका मुरलेल्या विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डे काही आपल्या नावाने आणि काही नव्या, अनोळखी नावांनी विकली, तेव्हा ओळखीच्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. थोडक्या पैशांच्या वस्तूत हे ८ टक्के वाचवायला हरकत नाही. महागड्या वस्तूत ते सुखाने मोजावेत.

बोली सुरू असताना बोलींचा इतिहासही उघडून पाहावा. बोली लावणाऱ्यांची नावे तिथे झाकलेली असली, तरी त्यांचा अभिप्रायांचा आकडा दिसतो. शून्य-दोन अभिप्रायांचे एखादे खाते याच विक्रेत्याच्या वस्तूंवर वारंवार बोली चढवून शेवटी मागे सरत असेल, तर विक्रेत्याचाच माणूस भाव फुगवतो आहे असे धरून बाजूला व्हावे. आपली कमाल रक्कम आधीच ठरवून तीच भरावी. संकेतस्थळाची यंत्रणा त्या रकमेपर्यंत आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठवा, थोडे स्वस्तात देतो, असे सांगणाऱ्याशी व्यवहार करू नये, कारण तसे पैसे दिल्यावर परताव्याची हमी लागू होत नाही.

वस्तू हाती आल्यावर अभिप्राय देणे ही आपली जबाबदारी आहे, पण ती पार्सल फोडण्याआधी पार पाडू नये. नाण्याचे वजन करावे, तिकिटाची मागची बाजू आणि कडांचे दाते तपासावेत. काही खोट निघाली तर आधी विक्रेत्याला छायाचित्रासह कळवावे. सरळ विक्रेते बहुधा पैसे परत करतात, आणि तसे झाल्यास तेही अभिप्रायात लिहावे. ‘छान’, ‘उत्तम’ असे शब्द पुढच्या वाचणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात. ‘वर्णनात कागद स्वच्छ म्हटला होता, मागे दुरुस्तीची पट्टी निघाली, चार दिवसांत पैसे परत मिळाले’ हे एक वाक्य त्याच्या कामाचे असते.

विक्री करणाऱ्याने एक बदल ध्यानात ठेवावा. पूर्वी वाईट अभिप्राय दिला की विक्रेताही सूड म्हणून उलट वाईट अभिप्राय देत असे आणि त्या धाकाने खरेदीदार गप्प बसत. म्हणून २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय देता येत नाही. परिणामी खरेदीदाराच्या नावापुढचे शंभर टक्के विक्रेत्याला काहीच सांगत नाहीत. बोली जिंकून पैसे बुडवणाऱ्यांना रोखण्यासाठी, ज्यांच्या नावे तशी नोंद आहे त्यांना बोली लावता येणार नाही, अशी अट खात्यात आधीच घालून ठेवावी. स्वतःला वाईट अभिप्राय मिळालाच, तर त्याखाली काय घडले आणि काय भरपाई केली एवढेच दोन ओळींत लिहावे. तिथे भांडत बसलेला विक्रेता पुढच्या गिऱ्हाइकाला मूळ तक्रारीपेक्षा जास्त घाबरवतो.