परागकणात ठिपके नाहीत, हे कधी खरं मानायचं

वनस्पतीपेशीत केंद्रकाबाहेरही डीएनए असतो, हरितलवकात आणि तंतुकणिकेत. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडाचा परागकण पिकत जातो तसा त्याच्या कायिक पेशीतला (शुक्रपेशींना पोटात घेणाऱ्या मोठ्या पेशीतला) हा डीएनए डीपीडी1 नावाचं विकर संपवतं. ते डीएनएच्या टोकाकडून कुरतडत जातं आणि त्याला मॅग्नेशियम लागतं. 2011 मध्ये जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाच्या गटाने ते शोधलं, तेही ज्या उत्परिवर्तित झाडांत हे काम अडतं त्यांच्यावरून. त्यामुळे साधं झाड आणि डीपीडी1 नसलेलं झाड शेजारीशेजारी बघा.

नुकत्या उमललेल्या फुलाचा परागकोश काचपट्टीवर डॅपीच्या, म्हणजे डीएनएला चिकटून निळं चमकणाऱ्या रंगाच्या, थेंबात टेकवून हलवा. डॅपीचं प्रमाण मिलीलिटरला 1 मायक्रोग्रॅम पुरतं. थेंबात थोडं ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) असलं की रंग आत शिरतो. वरून कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाने हलकेच दाबा. थोडे कण फुटून आतला ऐवज पसरला की ठिपके, म्हणजे केंद्रकाबाहेरचा रंगलेला डीएनए, एका पातळीत येतात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात आधी शुक्रपेशींची दोन केंद्रकं शोधा. ती ठसठशीत निळी दिसतात, कायिक केंद्रक मात्र मोठं आणि फिकट. ही तीन दिसल्याशिवाय पुढचं काही वहीत लिहू नका. मी एकदा अर्धा दिवस ‘ठिपके नाहीत’ अशी नोंद करत बसले होते. नंतर पाहिलं तर केंद्रकंही दिसत नव्हती. रंग आत गेलाच नव्हता. ती सगळी नोंद मी खोडली.

केंद्रकं दिसत असतील तर फोकस हळूहळू वरखाली करा. डीपीडी1 नसलेल्या कणात पेशीद्रव्यभर बारीक निळे ठिपके विखुरलेले दिसतील, साध्या पिकलेल्या कणात नाहीत. कोवळ्या कळीतला कण बघितलात तर साध्या झाडातही ठिपके सापडतील, म्हणून एकाच वयाची फुलं घ्या. कणाची भिंतही अतिनील प्रकाशात स्वतःच चमकते. कडेची ती झाक मोजू नका. काचपट्ट्यांवर झाडाचं नाव न लिहिता ‘क’, ‘ख’ लिहून दुसऱ्याकडून मोजून घ्या.

हेच विकर पिकत्या पानातही काम करतं, तिथे तुटलेल्या डीएनएतला फॉस्फरस झाडाच्या इतर भागांना मिळतो. पण पानात हरितद्रव्याची लाल चमक आड येते, म्हणून सुरुवात परागकणापासूनच करा.