नोकरी, गॉल्फ आणि कप्तानी

गॉल्फ जरा बरं जमायला लागलं की घरीदारी एकच प्रश्न सुरू होतो, ‘मग प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, कधी होणार?’ क्लबच्या संघाची कप्तानी करताना नव्या मुलांना मी अमेरिकेच्या जे सिगेल यांची गोष्ट सांगतो. १९६३ साली, वेक फॉरेस्टमध्ये शिकत असताना, दाराच्या काचेत जाऊन त्यांचा हात जबर जखमी झाला. प्रो होण्याचा बेत बारगळला. त्यांनी विम्याचा व्यवसाय केला आणि हौशी गॉल्फ चालू ठेवलं. १९७९ साली ब्रिटिश अमॅच्युअर, १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षं यूएस अमॅच्युअर जिंकली आणि नऊ वॉकर कप खेळले, म्हणजे अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड असे हौशी संघांचे सामने. त्यातल्या १९८३ आणि १९८५ मध्ये ते स्वतः खेळत कप्तान होते आणि अमेरिका दोन्ही वेळा जिंकली. प्रो झाले ते पन्नाशीला, पन्नाशीपुढच्या प्रोंच्या सीनिअर टूरवर. तिथेही आठ स्पर्धा मारल्या!

तेव्हा विशीत नोकरी धरली म्हणजे खेळ संपला, असं नाही. आधी हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा, काढून घ्या. त्यासाठी ५४ होलचे, म्हणजे अठरा होलच्या तीन फेऱ्यांइतके, स्कोअर लागतात; पुढे शेवटच्या २० फेऱ्यांतल्या उत्तम ८ धरतात. वाईट फेरीचं कार्ड खिशात ठेवून घरी जाणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पैशांचं म्हणाल तर २०२२ पासून प्रायोजक घेता येतो, स्क्रॅच (हँडिकॅप न धरता होणाऱ्या) स्पर्धेत ७०० पौंडांपर्यंत रोख बक्षीसही चालतं. मात्र पैसे घेऊन कुणाला शिकवलंत की हौशी दर्जा गेला.

कप्तानीत खरी कसोटी फोरसम या जोडीच्या खेळात. एक चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा. एकाकडे विषम होलचा टी शॉट, म्हणजे पहिला फटका, दुसऱ्याकडे सम. मी आधी स्कोअरकार्ड उघडून पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत पुरी व्हायची छोटी होलं, कुठे आहेत ते बघतो. चारांतले तीन सम होलवर असतील, तर ज्याची आयर्न (जवळच्या फटक्यांची लोखंडी स्टिक) सरळ जाते त्याला सम. लांब मारणारा हटून बसतो, बसू दे. चेंडू पाण्यात गेला आणि दंड लागला तरी पाळी बदलत नाही, हे पहिल्या टीवर जाण्याआधी घोकून घ्या. मॅचप्लेमध्ये, म्हणजे होलागणिक हार-जीत मोजतात तेव्हा, चुकीच्या माणसाने मारलं की होल गेलं. आणि आमच्या संघात जोडीदाराला ‘सॉरी’ म्हणायला बंदी आहे. पाचव्या होलवर एकदा सॉरी म्हटलं की अठराव्यापर्यंत माणूस जपूनच मारतो.

जोड्या ठरवताना स्कोअरपेक्षा मी स्वभाव बघतो. दोघेही बडबडे असले तर चालतं, दोघेही घुमे असले तर सहसा नाही.

ज्याला वगळायचं, त्याला आदल्या संध्याकाळी स्वतः भेटून सांगा. यादी फळ्यावर लागायच्या आधी.