बेळगावहून किनाऱ्याकडे: सायकलसाठी शांत रस्ता कसा शोधावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडून किनाऱ्यावर सायकल चालवायला जाताना पहिली चूक नकाशा पाहतानाच होते. फोनला जवळचा रस्ता विचारला की तो राष्ट्रीय महामार्ग ६६ दाखवतो. कुडाळ आणि सावंतवाडीच्या बाजूने जाणाऱ्या त्या महामार्गावरून समुद्र तर दिसत नाहीच, शिवाय भरधाव अवजड वाहने सायकलस्वाराला सतत कडेला रेटत राहतात.

म्हणून नकाशावर रस्त्याआधी खाड्या शोधाव्यात. जो रस्ता खाडीच्या काठावर फेरीबोटीपाशी संपतो, त्यावर लांब पल्ल्याचे ट्रक सहसा येत नाहीत, कारण त्यांना पलीकडे जायला पूल हवा असतो. सायकल मात्र बोटीतून सहज पार होते. माझ्या मते सुरक्षित मार्ग ओळखण्याची याहून भरवशाची खूण नाही. दुसरी खूण रस्त्याच्या कडेलाच मिळते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. उजव्या-डाव्या फाट्याचा निर्णय करताना हे रंग फार उपयोगी पडतात.

या कसोट्यांना उतरणारा आणि आपल्याला जवळचा टप्पा म्हणजे वेंगुर्ले ते तेरेखोल, सुमारे तीस किलोमीटर. बेळगावहून आंबोलीमार्गे वेंगुर्ले सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. हा जुना बंदराचा रस्ता आजही वाहता आहे आणि आंबोली घाटातली वळणे आंधळी आहेत, तेव्हा नवख्यांनी तेवढे अंतर सायकल गाडीत घालूनच उतरावे. एसटीने जायचे ठरवल्यास टपावर सायकल घेतात का, हे आदल्या दिवशी आगारात विचारून ठेवावे.

वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी असे दक्षिणेकडे जावे. हा रस्ता रेवस-रेडी सागरी मार्गाचाच शेवटचा भाग आहे. मात्र नावावरून रुंद महामार्गाची कल्पना करू नये, कारण माडांच्या आणि घरांच्या मधून जाणारा हा बऱ्याच ठिकाणी अरुंद रस्ता आहे आणि वळणावर घंटी वाजवण्यात आळस करून चालत नाही. दिशा दक्षिणेचीच धरावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तो पाठीशी राहतो. अंतर थोडे दिसले तरी जांभ्याच्या सड्यांवरचे, म्हणजे खडकाळ पठारांवरचे, चढ-उतार पाय दमवतात. शिरोड्याला मिठागरांपाशी जरूर थांबावे; १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच गाव.

पुढे रेडीच्या परिसरात सावध राहावे. खनिजाची वाहतूक चालू असली की त्या भागात ट्रक असतात आणि रस्त्यावर सांडलेल्या बारीक खड्यांवरून चाक घसरते. इथे पुढच्या ब्रेकवर एकदम जोर देऊ नये.

रेडी ओलांडल्यावर तेरेखोलचा किल्ला येतो. तो खाडीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतो. खालच्या धक्क्यावरून केरीला फेरीबोट जाते, पण मोठ्या ओहोटीच्या वेळी ती थांबते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच सुटण्याची वेळ ठरवावी. बोट बंद असली तर मागे वळून आरोंद्याच्या बाजूने किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे जाता येते. हा फेरा लांबचा आहे, म्हणून तेवढा उजेड हाताशी ठेवावा. केरीच्या पुढे हरमलकडे पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाक्या वाढतात. लहान मुले सोबत असतील तर केरीलाच थांबणे मला योग्य वाटते.

पावसाळ्यात हा बेत करू नये. आंबोलीचा पाऊस आणि धुके आपल्याला ठाऊकच आहे, आणि किनाऱ्यावरही ओल्या शेवाळलेल्या कडांवर टायर धरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उजाडताच निघावे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, जादा ट्यूब आणि पंप जवळ असावा. घरी परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, साखळी कोरडी करून लगेच तेल द्यावे, कारण खाऱ्या हवेने कड्या दोन दिवसांत गंजू लागतात.